रामाची सासू

कुठल्याही देवाची गोष्ट निघाली की आमची रत्नाआत्या आधी एकच चौकशी करायची. "आन् बायको कुठं व्हती?" विष्णू शेषावर निजले होते म्हणावं, तर बायको कुठं होती? पाय चेपत होती असं उत्तर आलं, की आत्या चुलीतलं लाकूड पुढं सारत म्हणायची, "मंग गोष्ट तिच्याकडून ऐका की. निजलेल्या मानसाला काय ठावं, समुद्रात काय झालं ते."

आमच्या घराण्यात गोष्ट सांगायची झाली की सगळे माझ्याकडं बघतात, आणि साक्ष द्यायची झाली की माझ्याकडं पाठ करतात. माझी बायको तर पाहुण्यांना आधीच बजावून ठेवते, की यांच्या बोलण्यातला भुसा पाखडून घ्या. आत्याच्या बाबतीत मात्र सूप उपयोगाचं नाही. तिच्याविषयी मी कितीही वाढवून सांगितलं, तरी ती प्रत्यक्षात करायची त्याहून ते थोडं कमीच भरतं.

आमचं गाव पालमच्या अंगाला. गावाला दोन गल्ल्या. वरची पाटील गल्ली. तिथं शेतीवाडीची घरं आणि रामाचं देऊळ. खालची पेठ गल्ली. तिथं आमची, म्हणजे गळ्यात लिंग बांधणाऱ्या दुकानदारांची वस्ती. गूळ, मीठ, गोडं तेल आणि गावातल्या बातम्या, हा आमचा व्यापार. लग्न झाल्यावर आत्या सासरी गेली होती, हे खरं आहे. पण पहिल्या पंचमीला माहेरी आली ती परत गेलीच नाही. कुणी कारण विचारलं तर सांगायची, "तिथलं पानी मचूळ व्हतं." तिला न्यायला तिचे यजमान शिवाप्पामामा आले, चार दिवस राहून गेले. पुन्हा आले, महिनाभर राहिले. पुढच्या खेपेला स्वतःची वळकटी घेऊनच आले आणि दुकानात गुळाच्या ढेपेशेजारी बसले ते बसलेच. मामा फार कमी बोलायचे. आत्या त्याचं समर्थन करायची, "आमच्या घरात बोलणारं एक मानूस पुरं हाय. दोघं बोलायले तर ऐकंल कोण?"

मी त्या वेळी विशीतला. परभणीला शाळेत होतो. निजामाचा अंमल, त्यामुळं शिकायचं ते उर्दूतून. मॅट्रिकला मी इतक्या वेळा बसलो, की शेवटी वडिलांनीच मला उठवून घरी आणलं. गावात लिहितावाचता, रिकामा आणि नाही म्हणायला लाजणारा असा मी एकटाच. तेव्हा चातुर्मासात दुपारी देवळात रामाची पोथी वाचायचं काम माझ्याकडं आलं. बाळबोध अक्षर मी घरीच गिरवलेलं. पोथी वाचायचो ती कचेरीत अर्ज वाचून दाखवल्यासारखी. सीतेचा विलापही माझ्या तोंडून तहसीलदाराला केलेली विनंती वाटायचा.

पोथी एकानं वाचायची आणि दुसऱ्यानं तिचा अर्थ सांगायचा, अशी रीत. अर्थ सांगणारे आमचे जोशीबुवा लेकाकडं हैदराबादला निघून गेले, तेव्हा अर्थही माझ्याच अंगावर आला. पहिल्या दुपारी पुरुष उठून बाहेर तंबाखू मळायला गेले. दुसऱ्या दुपारी बाया पेंगल्या. पुढं तर माझं मलाच कळेना, की कोण कुणाला मारतंय. तेवढ्यात बायांच्या बाजूनं आत्याचा आवाज आला, "ऱ्हाऊ दे सांब्या. तू निस्तं वाच. काय झालं ते मी सांगते."

त्या दिवशी रावणाच्या दरबाराचं वर्णन होतं. पोथीत मंदोदरी एका ओळीपुरती आली होती. आत्यानं तिलाच धरलं. "दहा तोंडाचा नवरा. बायांनो, आपल्याला एका तोंडाला जेवू घालता घालता कंबर मोडती. तिनं दहा तोंडं पोसली, आन् दहाच्या दहा तोंडांचं बोलून घेतलं. त्यातलं एक तरी तोंड 'भाजी चांगली झाली' म्हनलं असंल का?" बायांमध्ये जो हशा पिकला, तो ऐकून बाहेरचे पुरुष तळहातावर तंबाखू तशीच धरून आत आले. दुसऱ्या दिवसापासून देवळात मांडी घालायला जागा मिळेना.

गावचे बापूराव पाटील सज्जन माणूस, पण रीतीला जपणारे. बाईनं पोथीचा अर्थ सांगावा, हे त्यांना पचेना. आत्याची समजूत घालायला त्यांनी माझी नेमणूक केली, यावरून त्यांना माणसांची पारख किती होती ते कळावं. आत्यानं माझ्याच हाती उलट निरोप धाडला, की वाचणारा पुरुषच हाय. मी निस्ती समजावून सांगायले, तुमच्या घरी बी रोज तसंच चालतंय. हा निरोप मी सांगत होतो तेव्हा पाटलीणबाई आतल्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि पाटलांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

कुणी आत्याला म्हणालं, की आक्का, तू शंकराची भक्तीण, तुला रामाच्या भानगडीत पडायचं काय कारण? तर ती म्हणायची, "राम तुमचा देव, तुमाला त्याचं भ्या वाटतं. आमचा त्यो जावई हाय. जावयाला मान द्यावा, पर चार शब्द सुनवायला सासूला कुनाची बंदी न्हाई."

हे ती उगाच बोलत नव्हती. आमच्या गावात पोथीमध्ये सीतास्वयंवर आलं की खरोखरीचं लग्न लागायचं. देऊळ वरच्या गल्लीत, म्हणून पाटील गल्ली वरपक्ष. पेठ गल्ली वधूपक्ष. हे कुणी ठरवलं कुणाला माहीत नाही, पण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सीतेचे माहेरवाले. हळद आमच्याकडून जायची. वरपक्षातला कुणीतरी मानपानावरून रुसायचा, त्याची समजूत आम्ही घालायची. पालखीतल्या पितळी राम-सीतेवर अक्षता पडल्या की पेठेतल्या बाया डोळे पुसायच्या आणि आमच्याकडचे पुरुष वर्षभर वरच्या गल्लीला 'व्याही' म्हणायचे. सगळ्यांच्या लेखी ही गंमत होती. आत्याच्या लेखी ती सोयरीक होती.

तिचं अर्थ सांगणं असं, की पोथीतली माणसं शेजारी राहतात असं वाटावं. लक्ष्मण वनवासाला निघाला, त्याच्या वाटची चौदा वर्षांची झोप उर्मिलेनं घेतली हे मी वाचलं न वाचलं, तोच आत्या म्हणाली, "बरं झालं गेला. चौदा वर्सं त्या बाईला कुनी हाक मारून उठवलं न्हाई. सुनंला एवढी झोप कुठल्या घरात मिळती, सांगा. त्यो परत आला तवा म्हनली असंल, कामून एवढ्या लौकर आलाव?" पोथी रामाची असली तरी महाभारतात शिरायला तिला वेळ लागत नसे, तिला ती शेजारचीच गल्ली होती. गांधारीच्या पट्टीचं लोक कौतुक करतात, ते तिला बिलकूल पसंत नव्हतं. "एक आंधळा, त्याला हात धरनारं कुनी नको का? दोघं बी चाचपडायले. मंग शंभर लेकरांकडं बघनार कोण? आन् म्हनं पोरं वाया गेली."

हा सगळा आनंदीआनंद चालू असताना पाटलांच्या घरी एक वाईट गोष्ट घडली. त्यांची सून गोदा वसमतकडं चुलत्यांना भेटून परत येत होती. आईबाप लहानपणी गेलेले. माहेर म्हणजे तो एक चुलता, तोही नावाला. सोबतीला पाटलांचा म्हातारा गडी दिला होता. तो वाटेत एका स्टेशनावर चिलमीसाठी विस्तव मागायला उतरला, आणि गाडी त्याला तिथंच सोडून निघून आली. गोदा एकटी पूर्णा जंक्शनला उतरली तर पुढची गाडी नाही. पावसानं रूळ वाहून गेलेला. फलाटावर रडत उभी राहिलेली ही पोर रेल्वेतल्या एका मुसलमान कामगाराच्या बायकोनं, खालाबीनं, पाहिली आणि हाताला धरून आपल्या क्वार्टरमध्ये नेली. दोन रात्री गोदा तिथं राहिली. रूळ दुरुस्त झाल्यावर खालाबी स्वतः तिला पाटलांच्या दारापर्यंत पोचवून गेली.

पाटलांनी खालाबीला हात जोडले, आणि सुनेला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. परक्याच्या घरी दोन रात्री राहिलेली, परक्याचं खाल्लेली सून. रीत काय म्हणते ते बघावं लागेल, असं म्हणाले. गोठ्याशेजारच्या खोलीत तिची पथारी पडली. ताट निराळं, तांब्या निराळा. पोथीची समाप्ती होईपर्यंत घरात कटकट नको, समाप्ती झाली की तिला कायमची चुलत्याकडं पोचवायची, असा निर्णय झाला. चुलत्यानं आधीच कळवलं होतं, की आमच्याकडं जागा नाही. म्हणजे समाप्तीनंतर गोदेला जगात कुठंच उंबरा उरणार नव्हता. तिचा नवरा नारायण माझ्याच वयाचा, अंगानं पैलवान. त्याला मी विचारलं, तुझं काय म्हणणं? तो म्हणाला, "आबा म्हनतील तसं." पैलवानाची मान एवढी बारीक असू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

आत्या रोज गोठ्याशी जाऊन गोदेला गरम धपाटे खायला देऊन यायची. कुणाशी भांडली नाही. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

मग पोथीत सीतेला वनात सोडण्याचा अध्याय आला. तो आमच्याकडं अर्थ न सांगता, भराभरा वाचून संपवायची पद्धत. मीही मान खाली घालून सुटलो होतो.

"थांब," आत्या म्हणाली. "त्यो धोबी काय म्हनला ते परत वाच."

परक्याच्या घरी राहिलेल्या बायकोला मी नांदवणार नाही, ते धोब्याचं बोलणं मी परत वाचलं.

"आन् ह्याच्यावर सीता काय म्हनली?"

मी पुढची ओवी बघितली, मागची बघितली, पान उलटलं. सीतेला कुणी विचारलंच नव्हतं. तिला वन दाखवायला नेतो म्हणून रथात बसवलं होतं. मी तसं सांगितलं. आत्यानं गुडघ्यावर हात ठेवला आणि उठली.

"पोरीचं असं झाल्यावर माहेरची मानसं पोथी ऐकत बसत नसत्यात. उठा गं."

पेठेतल्या बाया उठल्या. आत्या सरळ गाभाऱ्याशी गेली आणि पालखीतली पितळी सीता तिनं पदरात घेतली. गुरवाला वाटलं, समाप्ती जवळ आली म्हणून मूर्ती घासायला नेताहेत. त्या भल्या माणसानं वर मूठभर चिंचही दिली. पुढं आत्या, मागं बाया, आणि सगळ्यात शेवटी पोथी उघडीच छातीशी धरलेला मी, कारण अध्याय अर्धा असताना पोथी मिटू नये एवढं मला माहीत होतं. वरात पाटलांच्या वाड्यापाशी थांबली. पाटील शेतावर गेलेले. आत्यानं गोठ्याकडं हाक दिली, "गोदे, चल. सीता माहेरी निघाली. तिच्यापाशी बसायला तिच्या वयाचं कुनीतरी पायजे." गोदा बाहेर आली. तिनं आत्याकडं पाहिलं, पदरातल्या मूर्तीकडं पाहिलं, आणि पायात चपलाही न घालता आमच्यात मिसळली. दारात उभ्या पाटलीणबाई नेमक्या त्याच वेळी कबुतरं मोजायला लागल्या.

घरी आल्यावर कुणीतरी हळदकुंकू आणलं. आत्यानं ते परत पाठवलं. "पूजा तिची तिकडं रोजच हुती. लेक माहेरी आली की तिला आधी आडवं होऊ द्यावं." तिनं गोधडी अंथरली आणि सीतेला तिच्यावर आडवं केलं. "बारा महिने उभी हाय माझी पोर. एक हात वर करून. बघा बरं, कुनाच्या लक्षात आलं का?" बाया हसता हसता त्या वर केलेल्या हाताकडं बघू लागल्या. गोदा गोधडीच्या कडेला बसली होती. थोड्या वेळानं तीही सीतेशेजारी आडवी झाली, आणि आत्यानं दोघींवर एकच पांघरूण घातलं.

दुसऱ्या दिवशी पालमहून जमादार सायकलवर आले. पाटलांनी गुरवाला चोरीची फिर्याद द्यायला लावली होती. दुभाषा म्हणून मला उभं केलं. माझ्या शिक्षणाचा सरकारला झालेला हा एकमेव उपयोग. जमादारांनी मिशीवर हात फिरवून विचारलं, मूर्ती कुणी चोरली? आत्यानं त्यांना आधी घोंगडी टाकून बसवलं, ताक दिलं, आणि मग मला म्हणाली, "त्यांला इचार, त्यांला लेक हाय का." मी विचारलं. होती, नांदेडकडं दिलेली. "तिला घरी आनताना फौजदारी हुती का, तेबी इचार." मी ते शुद्ध उर्दूत कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होतो, तोवर जमादारांना मराठीच कळलं. त्यांनी गोधडीवर झोपलेल्या सीतेकडं पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "अजी अम्मा, ये तो मैके का मामला है. इसमें सरकार क्या करती?" ताकाचा दुसरा पेला पिऊन ते सायकलवर बसले. जाताना गुरवाला दम देऊन गेले, की चोराला चिंच देणारा तूच पहिला.

मग पाटील आले. समाप्ती तोंडावर, बुंदी पाडून झालेली, पाहुणे यायला लागलेले. सीतेवाचून पालखी निघणार कशी? उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी सीतेची मागणी केली. सुनेबद्दल चकार शब्द नाही. आत्यानं त्यांना व्याह्याचा सगळा मान दिला आणि सांगितलं, की बायकोला न्यायला नवरा येतो, सासरा न्हाई. रामाला धाडा. माझी लेक कुठं पळून जाईना झालीय.

तर राम आले. अशी गर्दी आमच्या पेठेनं कधी पाहिली नव्हती. पुढं हलगी, मागं दोन्ही गल्ल्यांतली झाडून सगळी माणसं. पालखीतली मूर्ती उचलायचा मान पाटलांच्या घराचा; म्हणून रामाला दोन्ही हातांत धरून नारायणच आमच्या दाराशी उभा राहिला. आत ओसरीवर गोदा बसलेली, मांडीवर सीता. या दोघांची नजरानजर गोदा परत आल्यापासून झालीच नसावी. आत्यानं जावयावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मधोमध उभी राहिली.

"या जावईबापू. कुनाला न्यायला आलाव?"

"सीतेला," नारायण म्हणाला.

"सोडली कामून व्हती मंग?"

नारायणानं वडिलांकडं पाहिलं. पाटील आभाळाकडं बघू लागले.

"तिकडं नका बघू," आत्या म्हणाली. "दशरथ म्हातारा कवाच गेला. आता रामालाच बोलावं लागतंय."

बापूराव पाटील जिवंत, धडधाकट, तिथंच उभे होते. पण गर्दीत जी खसखस पिकली तिच्यात त्यांना तसं सांगताही येईना. नारायणाच्या कपाळावर घाम आला. तो हातातल्या रामाशी बोलल्यासारखा पुटपुटला, "चुकलं."

"कुनाचं?"

"माझं."

आत्याचा चेहरा असा उजळला, की जणू तिनंच लंका जिंकली होती. ओटीचं सूप आणा गं, असं तिनं आत ओरडून सांगितलंसुद्धा. बाया खणानारळासाठी धावल्या, हलगीवाल्यानं हात उचलला, मी पोथीचं पान समाप्तीवर नेऊन ठेवलं. इतक्यात गोदा बोलली. आवाज फार मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"आक्का, तुमी बी सीतेला इचारलं न्हाईच की."

आत्या जागच्या जागी थांबली. मग ती हळूच गोदेपुढं मांडी घालून बसली, पोथी ऐकायला बसावं तशी, आणि म्हणाली, "चुकलं माय. सांग."

गोदेनं नारायणाकडं बघून सांगितलं, "तुमी पूर्ण्याला जा. त्याच घरात दोन राती ऱ्हा. त्यांच्या हातचं खा. परत या, मंग मी सांगते यायचं का न्हाई. तवर आमी दोघी हितंच हाव."

पाटलांचा आवाज एकदम परत आला. पाटलाचा लेक त्या घरात राहणार, तिथलं खाणार? पण ते पुढं काही बोलायच्या आत गर्दीच्या मागून पाटलीणबाई म्हणाल्या, "नारायना, छत्री घेऊन जा. तिकडं पाऊस लय हाय." एवढंच. नारायणानं राम आत्याच्या हातात दिला आणि गेला.

आता राम आमच्याकडं अडकले. एकट्यानं परत जाणं शोभेना, आणि सीता तर हलत नव्हती. त्यांची सोय ओसरीवर, दुकानाला लागून, शिवाप्पामामांच्या शेजारी करण्यात आली. दोन्ही गल्ल्यांनी वाट बघत बघत समाप्तीची बुंदी खायला सुरुवात केली. मी मामांचं जेवण घेऊन गेलो, तर ते रामापुढं गुळाचा खडा ठेवून हळू आवाजात सांगत होते, "पयले चार दिस जड जात्यात, देवा. मंग सवय हुती." मामा माझ्यासमोर एका वेळी एवढं बोलल्याचं मला दुसरं आठवत नाही. ती रीत मात्र पडली ती पडलीच. पुढं निजामाचं राज्य गेलं, मामा गेले, आत्याही गेली. पण समाप्तीच्या आधी रामाला आमच्या ओसरीवर अजून मुक्काम करावा लागतो, आणि गुळाचा खडा मी ठेवतो.

नारायण परत आला तेव्हा दुपारची पोथीची वेळ होती. गाव आमच्या दाराशीच जमलेलं. अंगणातून चालत येताना तो थोडा निराळा दिसला. पैलवानी ऐट कुठंतरी राहिली होती, छत्रीही. गोदा सीतेला घेऊन ओसरीवर बसलेली. त्यानं एका दमात सांगायला सुरुवात केली, की समदं ठीक हाय, खालाबी लय चांगली बाई, तू व्हतीस तवा तिचा मालक तर दोन्ही राती फलाटावरच—

गोदेनं हात वर केला. "मी ते इचारलं न्हाई."

मग तिनं जे विचारायचं होतं ते विचारलं.

"तुमाला तिथं झोप लागली का?"

पाटील पुढं झाले होते, ते थांबले. "न्हाई," नारायण म्हणाला. "गाड्या लय वाजत्यात. आन् अंधारात कळंना, दार कुठल्या अंगाला हाय. परकं घर. सारखं वाटायचं, उजाडल्यावर आपल्याला घरी घेत्याल का न्हाई."

"मला बी तसंच झालं व्हतं," गोदा म्हणाली.

गोदा उठली, सीतेला तिनं लेकरासारखं कडेवर घेतलं, आणि म्हणाली, "चला." रीतीप्रमाणं पुढं नवरा चालतो आणि मागं बायको. गोदा पुढं निघाली. नारायणानं रामाला उचललं आणि तो मागून चालू लागला. ते कुणाच्या ध्यानात यायच्या आत हलगी सुरू झाली होती. पाटलीणबाईंनी गोठ्यातलं निराळं ताट ओढ्यात फेकून दिलं, असं पुढं कळलं. पाटलांनी ते बराच वेळ शोधलं, असंही कळलं.

आत्याला मूलबाळ नव्हतं. तिची स्वतःची पाठवणी फार दिवस टिकली नव्हती. लेक सासरी धाडताना आई कशी रडते, ते तिनं दुसऱ्यांच्या मांडवात बघून ठेवलेलं. तो साठा तिनं त्या दुपारी एकदम बाहेर काढला. दुकानाच्या खांबाला मिठी मारून, सूर लावून, गोदेचे आणि सीतेचे गुण एकाआड एक गात ती रडू लागली. पेठेतल्या बायांना साथ करावीच लागली. मधेच तिचं लक्ष माझ्याकडं गेलं. रडणं थांबवून, कोरड्या आवाजात तिनं मला फैलावर घेतलं, "उभा काय ऱ्हायलास खांबावानी? पोरीसंगं पाठराखीन लागती. घे ती वळकटी आन् चाल." आणि जिथं सोडला होता, अगदी तिथूनच सूर पुन्हा उचलला.

अशा रीतीनं, मॅट्रिक नापास, एका काखेत पोथी आणि दुसऱ्या काखेत गोधडी, मी पाठराखीण होऊन वरच्या गल्लीला निघालो. आत्याचा गळा आमच्या मागं चढ चढत येत होता. गोदेनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही, पण तिचे खांदे हलत होते. लोक म्हणाले, माहेर तुटताना कुणाला रडू येत नाही? मी तिच्या अगदी पाठीशी होतो. ती हसत होती, पदर तोंडात कोंबून, सीता कडेवरून घसरेपर्यंत हसत होती.